निकाळजे बाई आणि बोललेला भाव

मागच्या आठवड्यात एका कॉम्प्रेसरवाल्याचा फोन आला. तीन दिवसांपूर्वी त्यानंच मेलवर भाव दिला होता, मी तो साहेबांकडून मंजूर करून घेतला होता आणि ऑर्डर टाइप करायला बसले होते. "मॅडम, रेट रिवाइज झालाय," तो म्हणाला. उद्या ऊन पडणार आहे, असं सांगावं तसं. मी विचारलं, तीन दिवसांत असं काय झालं? तर म्हणाला, "सिस्टममध्येच तसं दाखवतंय." आता सिस्टमशी कोण भांडणार? बिडकीनच्या नव्या वसाहतीतल्या एका कारखान्यात मी खरेदी विभाग सांभाळते. केबिन आहे, एसी आहे, फक्त समोर माणूस नाही. फोन ठेवला आणि मनात आलं, आत्ता निकाळजे बाई पाहिजे होत्या. असं महिन्यातून दोनदा तरी मनात येतं. बाईंना नागपूरला मुलीकडे जाऊन वर्ष होऊन गेलं, पण माझी सवय काही जात नाही.

चिकलठाण्याच्या जुन्या वसाहतीत मोटारीचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात मी बाईंच्या हाताखाली नऊ वर्षं काढली. भाव सांगून मागाहून वाढवणाऱ्या माणसाशी कसं वागायचं, हे मी त्यांच्याकडून शिकले. आणि त्याच बाईंनी एकदा, आयुष्यात एकदाच, एका मशीनचा वाढवलेला भाव तोंडातून शब्द न काढता दिला, तेही मी शेजारी उभी राहून पाहिलं. ते मशीन कारखान्यासाठी नव्हतं. त्यांच्या नवऱ्याचा श्वास चालावा म्हणून होतं. खरं तर मला तेच सांगायचं आहे, पण बाई कशा होत्या हे आधी कळल्याशिवाय त्या दिवसाचं काही वाटणार नाही.

उंची पाच फुटाला दोन बोटं कमी. कडक इस्त्रीची सुती साडी आणि पायात रबरी चपला, कारण "मशीन बघायला गेलं की पाय तेलातच पडतो." टेबलासमोर डीलरसाठी एक लाकडी खुर्ची होती, तिचा एक पाय आखूड होता. सुताराला बोलवू का, असं मी रुजू झाले त्याच आठवड्यात शहाणपणानं विचारलं. बाई म्हणाल्या, "राहू दे. डगमगत्या खुर्चीत माणूस लई वेळ थापा मारत नाय." तेव्हा माझं वय तिशीचं, एक मूल पदरात, दोन नोकऱ्या करून आलेली, तरी मला वाटलं, आपण पुन्हा पहिलीत बसलोय.

त्यांचा एक रिवाज होता आणि तो सगळ्या वसाहतीला माहीत होता. डीलर आला की आधी पाणी. चहा नाही. मग भाव बोलायचा, घासाघीस व्हायची, आणि शेवटचा आकडा डीलरनं स्वतःच्या तोंडानं दोनदा म्हणायचा. कर धरून, भाडं धरून, बसवून देण्यासकट. तेवढं झालं की बाई माझ्याकडे वळून म्हणायच्या, "ज्योती, चहा सांग." तो चहा पोटात गेला की भाव पक्का. कागदपत्रं मग सावकाश. बाजारात दोन डीलर भेटले तर एकमेकांना विचारत, "निकाळजे बाईंकडं चहा झाला का?" नाही झाला, तर काम अजून मिळालं नाही असं समजायचं.

पण माणूस तो माणूस. चहा पिऊनही काहींच्या जिभेला हाड नसे. चार दिवसांनी चिठ्ठी यायची: मोटर वेगळी, स्टँड वेगळा, तो भाव जुन्या लॉटचा होता. एकानं तर ड्रिल मशीनचा चक, म्हणजे ड्रिल जिथं पकडतात तो भागच, वेगळा लावला. बाईंनी त्याला शांतपणे विचारलं, "मोटर वेगळी, चक वेगळा. मग तुम्ही आम्हाला इकता काय, नुसता रंग?"

कुलथे शेठची गोष्ट तर मी दहा ठिकाणी सांगितली असेल. हायड्रॉलिक प्रेसचा भाव ठरला, चहा झाला, वर दोन बिस्किटंही झाली, आणि पाचव्या दिवशी पत्र आलं की कंपनीनं किंमत वाढवली. बाईंनी पत्राची घडी करून ठेवली. दुसऱ्या दिवशी डबा घेतला, मला घेतलं आणि साडेदहाला जालना रोडवरच्या त्यांच्या दुकानात जाऊन बसल्या. शेठ गडबडले. "या बाई, या. चहा सांगतो."

"भावाचं झालं की घेऊ," बाई म्हणाल्या आणि बसून राहिल्या. बोलणं नाही, भांडण नाही. गिऱ्हाईक यायचं, भाव विचारायचं, शेठ सांगायचे. एका गिऱ्हाइकानं जाताना बाईंकडे बघून विचारलं, इथं भाव बरोबर लावतात का? बाई म्हणाल्या, "भाव बरोबर हाय. लिहून तेवढा घ्या." शेठनी कपाळावरचा घाम पुसला. दीड वाजता बाईंनी डबा उघडला आणि अर्धी भाकरी, मेथीची भाजी झाकणावर काढून शेठपुढं सरकवली. "घ्या. भांडण भावाशी हाय, जेवणाशी नाय." शेठनी ती भाकरी खाल्ली. चार वाजता म्हणाले, "बाई, जुन्याच भावात देतो, पण आता उठा." मग बाईंनी चहा घेतला, तोही पूर्ण कप. गंमत म्हणजे पुढं कुलथे शेठच ही गोष्ट चारचौघांत मिरवून सांगायचे.

बाई नुसत्या खमक्या होत्या असं कुणाला वाटेल, म्हणून इरफानभाईंचंही सांगते. ते जुनी मशीनं घेऊन, दुरुस्त करून विकायचे. एका ग्राइंडिंग मशीनचा भाव बोलून चहा पिऊन गेले, आणि ज्याच्याकडून ते मशीन उचलणार होते त्यानंच त्यांना भाव वाढवला. इरफानभाई आले ते उभेच राहिले. "बाई, मैं बोल दिया सो बोल दिया. पैसा नै बढाके मांगता. बस पंधरा दिन देव." पंधराव्या दिवशी मशीन दारात होतं. बाईंना कुठून तरी कळलं की त्यासाठी या माणसानं आपली मोटारसायकल विकली. त्या तडक साहेबांकडे गेल्या आणि म्हणाल्या, इरफानभाईंना ठरल्यापेक्षा जास्त द्या. साहेब हसले. "बाई, बोललेला भाव वाढत नसतो, हे तर तुम्हीच आम्हाला ऐकवता."

"त्यानं कुठं वाढवला?" बाई म्हणाल्या. "मी वाढवते."

साहेबांनी अर्धी रक्कम मान्य केली. उरलेल्या अर्ध्यासाठी बाई त्यांच्याशी महिनाभर कामापुरतंच बोलल्या.

डीलरकडे जाण्याआधी बाई मला दर वेळी एकच गोष्ट बजावायच्या. "गरज दाखवायची नाय. गरज दिसली की भाव चढतो." एकदा आमचे प्रॉडक्शनचे इंजिनिअर हट्टानं बरोबर आले, लाइन बंद पडली होती म्हणून. दुकानात पाय ठेवताच म्हणाले, "काय वाट्टेल ते घ्या, पण आजच द्या." परतीच्या वाटेवर बाई त्यांना म्हणाल्या, "साहेब, पुढच्या टायमाला तुम्ही गाडीतच बसा." इंजिनिअर बिचारे पुढच्या वेळी खरंच गाडीत बसले.

ऑफिसात त्यांना मोकळं हसताना मी फारसं पाहिलं नाही. ते हसणं मुकुंदवाडीच्या घरी असायचं, कारण तिथं निकाळजे काका असायचे. काका फाउंड्रीत होते. साच्यातून निघालेल्या लोखंडाच्या वस्तू घासून साफ करायचं त्यांचं खातं. बावीस वर्षं ती धूळ छातीत गेली आणि पन्नाशीतच त्यांना घरी बसावं लागलं. माणूस मात्र मिस्कील. बाई दारात आल्या की, "या परचेस मॅडम, आज कुणाला डगमगत्या खुर्चीत बसवलं?" मग बाई दिवसभराचं सगळं सांगायच्या, डीलरची नक्कल करून, हातवारे करून. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा चाटच पडले. ही बाई दिवसभर गप्प राहायची, ती बहुतेक घरी सांगायला गोष्टी साठवत असावी.

काकांचा दम कमी होत गेला. फाटकापासून दारापर्यंत चालतानाही ते दोनदा थांबायचे, आणि थांबलोय हे कळू नये म्हणून जास्वंदीला किती फुलं आलीत ते मोजायचे. बाईही म्हणायच्या, "मोजा मोजा, सावकाश मोजा." दोघांनाही सगळं ठाऊक होतं.

मग एका हिवाळ्यात काकांना दवाखान्यात ठेवावं लागलं. बाराव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, घरी न्या, पण घरी ऑक्सिजनचं मशीन पाहिजे. सिलिंडर नव्हे, हवेतूनच ऑक्सिजन काढून नळीनं नाकात देणारं, छोट्या कपाटाएवढं मशीन. बाईंनी दुपारी औरंगपुऱ्यातल्या एका दुकानात फोन लावला. मी शेजारीच होते. त्यांनी सवयीनं सगळं विचारलं: कर धरून का, पाण्याची बाटली अन् नळी त्यातच का, घरी येऊन बसवून देणार का. "बेचाळीस हजार. सगळं धरून," तो म्हणाला, आणि बाईंनी त्याच्याकडून ते दोनदा वदवून घेतलं. "संध्याकाळी येते," म्हणाल्या.

संध्याकाळी आम्ही दवाखान्यातून थेट गेलो. बारा दिवसांचं जागरण बाईंच्या डोळ्यांत होतं, साडी चुरगळलेली, आणि काकांची फाईल हातात. दुकानदारानं आधी फाईलकडे पाहिलं, मग बाईंकडे. मग म्हणाला, "ते बेचाळीसवालं संपलं हो. आता हे आहे, एकावन्नचं." ज्या खोक्यावर तो हात ठेवून उभा होता त्यावर दुपारी फोनवर सांगितलेलंच नाव होतं. मॉडेल तेच, अक्षर न अक्षर तेच.

माझं डोकं फिरलं. "अहो, दुपारी तुम्ही दोनदा..." एवढं बोलले, तोच बाईंनी माझ्या मनगटावर हात ठेवला. "राहू दे, ज्योती." त्यांनी एकावन्न हजार दिले. तो चहा सांगू लागला, तर म्हणाल्या, "नको. यांना घरी न्यायचंय."

रिक्षात खोकं आमच्या दोघींच्या मधे होतं. गजानन महाराज मंदिराच्या चौकात बाईंनी हातातली फाईल खोक्यावर ठेवली. मग म्हणाल्या, "फाईल पिशवीत ठेवायला पायजे होती." जरा वेळानं पुन्हा म्हणाल्या, "साऱ्या जगाला शिकवलं, अन् मीच फाईल हातात धरून गेले." मला रडू आलं. त्या दुकानदाराचा जेवढा राग मला त्या संध्याकाळी आला तेवढा आजवर कुणाचा आला नाही. नऊ हजारांसाठी त्यानं निकाळजे बाईंना हरवलं, आणि आपण कुणाला हरवलं हे त्याला कधी कळणारही नव्हतं.

मशीन घरी लागलं. घूंऽऽ असा एक लांब आवाज, मग फस्स करून हवा सोडायचं, पुन्हा घूंऽऽ. काकांच्या नाकात नळी गेली, ओठांचा काळसरपणा हळूहळू कमी झाला आणि पहिलं वाक्य काय बोलावेत? "परचेस मॅडम, केवढ्याला पडलं?"

"बेचाळीस," बाई म्हणाल्या.

काकांनी मशीनकडे निरखून पाहिलं. "चाळीसला बसलं असतं."

"तुम्ही गेला असता तर बसलं असतं," बाई म्हणाल्या आणि पाणी उकळायला आत गेल्या. मशीनच्या बाटलीत उकळून गार केलेलंच पाणी लागायचं.

बसवून द्यायला, तपासायला माणूस पाठवतो असं दुकानदार म्हणाला होता, तो माणूस अर्थातच कधी आला नाही. बाईंनी सोबतचं पुस्तक वाचून सगळं स्वतः शिकून घेतलं. दर रविवारी फिल्टरचा स्पंज धुवायचा, सावलीत वाळवायचा, नळी तीन महिन्यांनी बदलायची. त्याच वर्षी त्या निवृत्त झाल्या. पुढं दोन वर्षं ते दोघं आणि ते मशीन असा संसार चालला. मी गेले की काका नळीसकट गप्पा मारायचे, बाई नकला करायच्या आणि मागं घूंऽऽ फस्स चालू असायचं. मार्चमधल्या एका दुपारी जेवून काका आडवे झाले, ते उठले नाहीत. मशीन चालूच होतं. बाईंनी ते कितीतरी वेळ बंद केलं नाही, असं शेजारची सांगत होती.

बाईंची नागपूरची मुलगी आली होती. तिनंच ठरवलं की मशीन आता घरात नको, डोळ्यांपुढं नको, आणि ते विकायची छोटी जाहिरात दिली. सिल्लोडहून मुश्ताक नावाच्या एकाचा फोन आला. कापसाच्या जिनिंगवर कामाला होता, वडिलांसाठी पाहिजे होतं. बाईंनी त्याला बावीस हजार सांगितले. दुसऱ्या दिवशी एका दुकानातून फोन आला, आम्ही तीस देतो, आत्ता येतो. मुलगी म्हणाली, आई, तो सिल्लोडचा काही आला नाही अजून. बाई म्हणाल्या, "येईल. मी भाव बोललेय त्याला."

तो तिसऱ्या दिवशी आला. हातात वडिलांच्या एक्स-रेचा मोठा लिफाफा. बाईंनी लिफाफ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. तो खिशातून पैसे काढू लागला तर म्हणाल्या, "वीस दे. दोन हजार गाडीभाड्याला अन् औषधाला असू दे." मुलीनं कपाळावर हात मारला. मग बाईंनी त्याला तासभर बसवून सगळं समजावलं. बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. "पाणी उकळलेलंच. फिल्टर रविवारी. अन् आवाज बदलला की लगेच मला फोन कर." मुश्ताक म्हणाला, "जी मावशी." शेवटी बाई म्हणाल्या, "महिन्याला मी येऊन बघून जाईन." त्याला वाटलं, बोलायची पद्धत असते.

बाई खरंच जायला लागल्या. महिन्यातला एक रविवार, सिल्लोडची एसटी, पिशवीत नवा स्पंज आणि मऊ ब्रश. गुडघे दुखत होते, रस्ता उखडलेला, तरी जायच्या. मी एकदा रागावले. "बाई, पोरगा हुशार आहे, धुतो तो फिल्टर. तुम्ही कशाला हाडं मोडून घेता?"

"मशीन इकलं की सर्व्हिस द्यावी लागती," त्या म्हणाल्या. "आपल्याला नाय कुणी दिली, म्हणून काय आपणबी द्यायची नाय?" मला वाटलं, हा त्यांचा जुना हट्ट आहे, त्या दुकानदाराला दिलेलं उत्तर आहे. मी तो विषय सोडून दिला.

मुलीनं त्यांना नागपूरला न्यायचं ठरवलं, तेव्हा जायच्या आधीच्या रविवारी मी त्यांच्याबरोबर सिल्लोडला गेले. मुश्ताकच्या घरातली पुढची खोली, खिडकीशी खाट, खाटेवर त्याचे वडील, नाकात नळी. बाईंनी त्यांना नमस्कार केला, पदर खोचला, मशीन बंद करून दहा मिनिटांत फिल्टर बदलला, बाटली धुऊन पाणी भरलं, बटण दाबलं. घूंऽऽ सुरू झालं. बाईंनी कान देऊन ऐकलं, मान हलवली आणि मशीनशेजारी भिंतीला टेकून ठेवलेल्या खुर्चीत बसल्या. ती खुर्ची त्यांच्यासाठीच ठेवलेली दिसत होती.

मी मुश्ताकच्या बायकोशी जरा बोलत होते. वळून पाहिलं तर बाईंचे डोळे मिटलेले. मी उठवायला पुढं झाले, तर ती हळूच म्हणाली, "सोने देव. मावशी हर बार इधर आके घंटाभर सोते. घर में नींदच नै आती बोलते, आवाज नै ना."

एवढी वर्षं मी बाईंच्या शेजारी बसले, आणि घरात त्या कशाशिवाय पडून राहत होत्या हे मला एकदाही कळलं नाही.

माझी तीनची गाडी होती, मुलाला क्लासला सोडायचं होतं; बाई नेहमीसारख्या संध्याकाळच्या एसटीनं येणार होत्या. बाईंना सांगून निघावं म्हणून मी पुन्हा खुर्चीपाशी गेले. त्यांचं डोकं भिंतीला टेकलं होतं, तोंड किंचित उघडं, उजवा हात मशीनच्या माथ्यावर. मशीन घूंऽऽ करायचं तेव्हा त्यांची छाती भरायची, फस्स झालं की खाली जायची. खाटेवरच्या म्हाताऱ्यानं माझ्याकडे पाहिलं, बोलायला दम नव्हता म्हणून नुसती मान हलवली, आणि दारात खेळणाऱ्या नातवंडांना बोटानं गप्प राहायला सांगितलं. आवाज होऊ नये म्हणून चपला हातात घेऊन मी बाहेर आले आणि गल्लीच्या टोकाला येऊन घातल्या.